सूर कुणाचा उतरला

दादाने गिटार काउंटरवर ठेवली नाही, जवळजवळ आदळलीच. नट सरकतोय, म्हणाला. रात्री सूर लावावा, लॉक करावं, आणि सकाळी बघावं तर तारा उतरलेल्या. असल्या नटाचं काय लोणचं घालायचं?

आता नट म्हणजे काय ते आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. इलेक्ट्रिक गिटारची मान जिथे संपते आणि खुंट्यांचं डोकं सुरू होतं, तिथे तारा एका आडव्या पट्टीवरून जातात. ती पट्टी म्हणजे नट. दादाच्या गिटारला लॉकिंग नट होता, म्हणजे पोलादी, आणि त्याच्यावर तीन छोटे ठोकळे. एकेका ठोकळ्याखाली दोन-दोन तारा. सूर लागला की ठोकळ्यांचे स्क्रू आवळायचे. तारा जागच्या जागी पकडल्या जातात, मग वाजवणाऱ्याने कितीही धुमाकूळ घालावा, सूर हलत नाही. निदान हलू नये.

काउंटरच्या पलीकडे पक्कड बसली होती. पक्कड म्हणजे दादाची धाकटी बहीण. लहानपणी तिच्या हातात बाहुलीपेक्षा पक्कड जास्त वेळ दिसायची, म्हणून त्यानेच हे नाव ठेवलं होतं, आणि केस पिकायला लागले तरी ते तिला चिकटून होतं. तळमजल्यावरच्या रस्त्याकडच्या खोलीत तिचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत तिचं एकटीचं बिऱ्हाड. वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनी. दादा आठवडाभर मुलांना गिटार शिकवायचा आणि शनिवारी-रविवारी संध्याकाळी एका हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवायचा. वहिनी घरी कपडे शिवायची आणि त्याच बँडमध्ये गायची.

गायची, म्हणजे परवापरवापर्यंत. मग एका रविवारी कार्यक्रम आटोपून पक्कडसकट तिघं गाडीतून घरी येत असताना, सिग्नलला थांबल्या थांबल्या, दादा वहिनीला म्हणाला होता की तुझा आवाज उतरलाय, वरच्या सुरांना तू आता पोचत नाहीस. पेट्रोल संपत आलंय हे सांगावं तशा आवाजात म्हणाला. वहिनीने खिडकीबाहेर बघत "बरं" म्हटलं. पुढच्या शनिवारी तिचा घसा बसला होता. त्याच्या पुढच्या शनिवारी तिला एक शिवण संपवायची होती. त्यानंतर कारण द्यायची गरजही उरली नाही. की-बोर्डवालाच जमेल तसं गाऊन वेळ मारून न्यायला लागला.

कुणी काही बोललं नाही, कारण त्या घरात काय, बँडमध्ये काय, शेवटचा शब्द दादाच्या कानाचा. शेजारच्या घरातल्या बाळाचं रडणं कुठल्या पट्टीत आहे ते तो जेवता जेवता सांगायचा. पक्कडला वहिनीचं गाणं त्या रविवारीही नेहमीसारखंच वाटलं होतं. पण दादाला उतरलेलं वाटलं म्हटल्यावर आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं ती धरून चालली. आपण सगळे असेच असतो. घरातल्या एकाला एकदा शहाणा ठरवलं की आपली अक्कल त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून मोकळे होतो.

तिला सहन होत नव्हतं ते वेगळंच. वर वहिनीचं शिलाई मशीन चालायचं ते दुकानात ऐकू यायचं, आणि इतकी वर्षं त्या खडखडाटाबरोबर वहिनीचं गुणगुणणंही यायचं. आता नुसता खडखडाट. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात, असेल कुठेतरी. पक्कडला वहिनीच्या त्या गुणगुणण्याशिवाय कामात हात चालत नव्हता. ती परत गायला हवी होती, बास.

म्हणून दादाच्या गिटारचा नट भिंगाखाली घेतल्यावर तिला मनातून आनंदच झाला. मधला ठोकळा तिरका बसला होता. त्याच्या स्क्रूच्या डोक्यातलं षटकोनी भोक झिजून गोल गरगरीत झालं होतं. खालच्या पट्टीला केसाएवढी चीर गेली होती.

कशाने आवळलंस, असं तिने विचारलं तेव्हा दादाने आढेवेढे घेतले. शेवटी कबूल केलं की षटकोनी चावीच्या दांड्याला पाइपचा तुकडा लावून.

"ट्रकचं चाक आहे का हे?"

"सरकतोय म्हटल्यावर काय करणार? आवळलं, तरी सरकला. मग अजून आवळलं."

पक्कडने एरवी त्याची चांगलीच हजेरी घेतली असती. पण तिच्या डोक्यात हिशेब वेगळाच चालला होता. नट बिघडलेला, म्हणजे गिटार बेसूर. गिटार बेसूर, म्हणजे तिच्या शेजारी चांगला गाता गळाही बेसूर वाटणार. खापर फोडायला इतकी सोयीची जागा मिळाल्यावर कोण सोडतं? नट दोषी निघाला की वहिनी आपोआप सुटली. संध्याकाळी ये, तोवर बदलून ठेवते, असं सांगून तिने दादाला घालवून दिलं.

तिने ब्रिजखाली, म्हणजे तारांचं खालचं टोक धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली, लाकडाचा एक तुकडा सरकवला. ह्या गिटारचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगता असतो. तारा काढल्या की तो आत ओढला जातो आणि मग पुन्हा जागेवर आणताना नाकी नऊ येतात. कडेचे दोन ठोकळे मुकाट्याने सुटले. मधला स्क्रू दाद देईना. तिने किंचित मोठ्या मापाची एक चावी हलक्या हाताने ठोकून त्या गोल भोकात घट्ट बसवली, श्वास रोखला आणि फिरवली. कटकन आवाज झाला. स्क्रू सुटला की तुटला हे बघायचा तिला धीर होईना. सुटला होता.

ठोकळे उलटे करून तिने उजेडात धरले. तारांचे वळ खोल उठले होते. तार खरंच सरकत असती तर ते वळ लांबट, खरवडल्यासारखे दिसले असते. हे तर सुईने ओढल्यासारखे बारीक आणि नेमके होते. म्हणजे तार जिथे पकडली होती तिथून तसूभर हलली नव्हती. तिच्या बोटांना हे खटकलं. पण मनाने ते कानामागे टाकलं, कारण मनाला नट दोषी हवा होता.

बाकी काम तिने जीव ओतून केलं. मानेच्या मागून आलेले दोन स्क्रू काढून जुनी पट्टी उचलली, रुंदी मोजली, ड्रॉवर धुंडाळून त्याच मापाचा नवा नट काढला. जुन्या पट्टीखाली पितळेचे पातळ पत्रे होते ते पुसून पुन्हा घातले. बसवून पाहिलं तर जाडी तार मानेवरच्या पहिल्या धातूच्या पडद्याला घासून भणभणायला लागली. परत सगळं खोललं, अजून एक पातळ पत्रा सारला, आणि भणभण गेली. नव्या तारा चढवल्या, हाताने ओढून ओढून त्यांचा सैलपणा काढला, आणि ब्रिजखालचं लाकूड काढून सूर मोजणाऱ्या ट्यूनरच्या दिव्यावर सूर लावला. मग दोन बोटांच्या जोराने, फक्त दोन बोटांच्या, ठोकळे आवळले. आवळताना सूर किंचित चढतोच; तो ब्रिजवरच्या बारक्या बटणांनी खाली आणायचा असतो. तेही झालं. सगळ्या तारांवर दिवा हिरवा.

ती तशीच वर गेली. वहिनी एका पँटची टीप उसवत बसली होती. नटच गेला होता, पक्कडने सांगितलं, चीर होती त्याला. तुझ्या आवाजाला काही झालेलं नाही. वहिनीने हातातला धागा तोडला.

"त्यांनी वाजवून बघितली?"

"अजून नाही. येईल आता."

"मग त्यांना ऐकू दे आधी," असं म्हणून वहिनीने पुन्हा मान खाली घातली. पक्कडला जरा रागच आला. एवढी चांगली बातमी घेऊन जिना चढून यावं, आणि समोरच्याने तिला विजेच्या बिलासारखी बाजूला ठेवावी, म्हणजे काय?

दादा आला, स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली. एकदा सगळ्या तारांवरून बोटं फिरवली आणि त्याचा चेहरा पडला. उतरलीय, म्हणाला. पक्कडने ट्यूनर समोर धरला. हिरवा. दादाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मशीनला दिवा असतो, कान नसतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते त्याने आजही ऐकवलं. मग त्याने डोळे मिटले, मान वळवून डावा कान तारांकडे केला, आणि बटणं फिरवायला लागला. डावा कान हा त्याचा शहाणा कान. बारीकसारीक ऐकायचं ते त्यानेच, अशी त्याची जुनी सवय. स्टेजवरही तोच कान ड्रमवाल्याच्या झांजांकडे असायचा.

पातळ तारा त्याने वर नेल्या. अजून वर नेल्या. ट्यूनरचा दिवा लाल झाला. पक्कडच्या कानांनाही आता ते बोचायला लागलं, आणि दादाच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरलं.

"हं," तो म्हणाला. "आता लागली."

पक्कडने ट्यूनर खाली ठेवला. दुपारचे ते नेमके, बारीक वळ तिच्या डोळ्यांपुढे आले. नट कधी सरकलाच नव्हता. दादा रात्री लावायचा आणि सकाळी त्याला उतरलेलं ऐकू यायचं, कारण रोज थोडा उतरत होता तो त्याचाच कान. म्हणून तो वर चढवायचा, आवळायचा, पुन्हा चढवायचा. आणि ह्या चढवलेल्या गिटारशेजारी उभी राहून वहिनी नेटकी, जिथे गायला हवं तिथेच गात होती. उतरलेली वाटणार नाही तर काय?

गप्प बसणं सोपं होतं. हॉटेलात जेवायला आलेल्या माणसांना सूर थोडा इकडे का थोडा तिकडे, काही फरक पडत नव्हता. दादा खूश होता. ज्या माणसाने उभं आयुष्य एका गोष्टीच्या जोरावर काढलं, त्याला तीच गोष्ट गेली असं कुठल्या तोंडाने सांगायचं? पण गप्प बसायचं तर वर ते मशीन कायमचं मुकं चालणार होतं. पक्कडने ड्रॉवरमधून ट्यूनिंग फोर्क काढला. पोलादाचा दोन दातांचा साधा काटा. आपटला की एकच सूर देतो आणि त्याला खुंटी नसते, तार नसते, नट नसतो. खापर फोडायला त्याच्यावर जागाच नाही.

दादाला तिने डोळे मिटायला सांगितलं. त्याने कुरकुर केली, पण मिटले. तिने फोर्क गुडघ्यावर आपटून त्याच्या उजव्या कानाशी धरला आणि विचारलं, बरोबर आहे का. फोर्क चुकेल कसा, म्हणून तो हसला. मग तिने तो पुन्हा आपटला आणि डाव्या कानाशी धरला.

दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा दुसरा आहे. उतरलेला आहे हा. कुठून आणलास असला?"

"डोळे उघड."

त्याने उघडले. तिच्या हातात एकच फोर्क होता. त्याने तिचा दुसरा हात पाहिला, मांडी पाहिली, काउंटर पाहिला. मग फोर्क तिच्याकडून घेतला आणि स्वतः आपटून पाहिला. उजवा कान. डावा कान. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. पक्कडला बघवेना, म्हणून ती उगीचच जुन्या नटाचे तुकडे डबीत भरत राहिली.

उद्या सकाळी उठून कानाच्या डॉक्टरकडे जायचं, ती म्हणाली, मी येते बरोबर. त्याच्यापर्यंत ते पोचलंच नाही. तो वर छताकडे बघत होता. वर मशीन चालू होतं.

"मी तिला गाडीत काय म्हणालो होतो, आठवतं तुला?"

"आठवतं. मी मागच्या सीटवर होते."

"तिला खाली बोलाव," दादा म्हणाला. "मला जिना चढवणार नाही आत्ता."

वहिनी आली ती गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन. दादाने तिला फोर्क दाखवला, काय झालं ते सांगितलं, आणि मग जे सांगायला त्याला फार जड जात होतं तेही सांगितलं. तुझा आवाज उतरला नव्हता. माझा कान बिघडलाय. मी तुला नको ते बोललो.

वहिनीने टेप गळ्यातून काढली आणि बोटांना गुंडाळायला लागली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

मग तिनेच हळूहळू सांगितलं. गाडीतल्या त्या रविवारनंतर तिलाही वाटलं होतं की आपला गळा गेला. पण एका सकाळी रेडिओवर एक जुनं गाणं लागलं होतं. लग्नाआधीपासून दोघांनी मिळून ऐकलेलं, दादाला आलापासकट पाठ असलेलं. आणि दादा दाढी करता करता म्हणाला होता, ही बाई किती बेसूर गातेय. रेकॉर्डिंग काही रातोरात बेसूर होत नाही. वहिनीच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

"मग बोलली का नाहीस?" दादाने विचारलं.

"तुमचा कान गेला हे मी कशी सांगणार होते तुम्हाला?" वहिनी म्हणाली. "त्यापेक्षा माझा आवाज गेलेला बरा होता. मला शिवणकाम येतं. तुम्हाला दुसरं काय येतं?"

पक्कडला त्या दोघांना एकदम जवळ घ्यावंसंही वाटलं आणि दोघांना चार शब्द सुनवावेत असंही वाटलं. स्वभावाप्रमाणे तिने दुसरं केलं. ह्याने नट आवळला आणि तू तोंड आवळलंस, ती वहिनीला म्हणाली. दोघांनी मिळून वाट लावलीत. तेव्हाच बोलली असतीस तर तेव्हाच डॉक्टर गाठला असता. कान हा काय उसवून पुन्हा शिवायचा कपडा आहे? कदाचित तेव्हा औषधाने भागलं असतं, आता भागेल की नाही कोण जाणे.

हे वहिनीच्या मनात आलंच नसावं. तिचा चेहरा एकदम उतरला, डोळे भरून आले, आणि टेप हातातून सुटून जमिनीवर उलगडत गेली. पक्कडला वाटलं, जरा जास्तच बोललो आपण. दादाने वाकून टेप उचलली आणि वहिनीच्या हातात दिली. तिच्यावर रागवायचं की तिच्या पाया पडायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं, ते त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. शेवटी त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. त्याने गिटार मांडीवर घेतली.

"मी आत्ता लावलीय ही," तो म्हणाला. "बरोबर आहे का?" आणि त्याने सगळ्यात पातळ तार छेडली.

वहिनीने पक्कडकडे पाहिलं. पक्कडने ट्यूनर पुढे केला, तो दादाने हाताने बाजूला सारला.

"मशीन नको. तू सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

वहिनीने टेप पुन्हा गुंडाळायला घेतली. दादाने तार पुन्हा छेडली.

"थोडी..." ती म्हणाली.

"थोडी काय?"

"चढी आहे. थोडी नाही, बरीच आहे."

दादाने मान हलवली आणि ब्रिजवरचं बटण उलटं फिरवायला सुरुवात केली. थोडं फिरवायचा, तार छेडायचा, तिच्याकडे बघायचा. ती मानेने नाही म्हणायची, तो पुन्हा फिरवायचा. त्याला ते ऐकणं किती जड जातंय हे दिसत होतं. कडू औषध गिळताना व्हावं तसं तोंड होत होतं त्याचं. एकदा सवयीने डावा कान तारेकडे वळला. मग त्याचं त्यालाच आठवलं आणि त्याने मान सरळ केली.

एका ठिकाणी तो अडला. आता कुठे जायचं तेच कळत नाही, म्हणाला. तेव्हा वहिनीने तोंड मिटूनच तो सूर धरला. आवाज आधी जरा खरखरला, कारण बरेच दिवस त्याला काम नव्हतं, मग जागेवर आला आणि तिथेच थांबून राहिला. पक्कड काउंटरला टेकून उभी होती. तिने हातातली डबी खाली ठेवली.

दादा त्या सुराकडे बघत असल्यासारखा वहिनीकडे बघत होता आणि बटण फिरवत होता.

"मला ही आता पार खोटी वाटतेय," तो म्हणाला.

"वाटू दे," वहिनी म्हणाली. "अजून थोडं खाली या."

त्याने बटण अजून थोडं फिरवलं.